किंगरी, व्हायोलिन आणि पेटी

लोकगीतांचे जे संग्रह मराठीत निघाले, त्यांत एक उणीव बहुधा सर्वत्र आढळते. गीत सापडते, चाल सापडत नाही. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या जमविल्या, सरोजिनी बाबर यांच्या पुढाकाराने लोकसाहित्य समितीने खंडामागून खंड काढले, दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ लिहून या अभ्यासाला शास्त्राची बैठक दिली. या मंडळींचे ऋण मोठे आहे आणि ते मान्य करूनच आम्ही पुढचे लिहीत आहोत. परंतु ओवी म्हणताना आवाज कोठे थांबे, कोठे हेलकावा घेई, कोणत्या अक्षरावर जात्याचा खुंटा वळे, हे छापील पानावरून कळावयास मार्ग नाही. ज्यांनी ती चाल कानांनी ऐकली त्यांच्यापुरते ते पान बोलते. इतरांपुरते ते मुकेच.

हा विचार आमच्या मनात पूर्वीही येऊन गेला होता. पण त्याला नीट आकार आला तो एका परदेशी व्हायोलिनमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधील जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, हे वाचकांस ठाऊक असेलच. त्या दिवशी आम्ही घराबाहेर पडत नाही. आमचा एक जुना विद्यार्थी, जो आता नागपुरास नोकरीला आहे, सणासाठी घरी आला होता व सहज भेटावयास आला. नदीकडून ढोलांचा आणि आरोळ्यांचा आवाज येत होता. त्याने खिशातील फोन काढून काही वादन ऐकविले. एकच व्हायोलिन, साथीला तबला नाही, काही नाही. एक आखूड चाल पुन्हा पुन्हा येई आणि प्रत्येक वेळी किंचित बदलून येई. गज तारेवर इतका दाबून फिरत होता की त्याच्या खरखरीतच ठेका ऐकू यावा. “सर, हे तुम्हांला कशासारखे वाटते?” असे त्याने विचारले. आम्ही विचार न करताच म्हणालो, “किंगरीसारखे.”

त्या चाली ब्रिटनीच्या नाचाच्या होत्या. ब्रिटनी म्हणजे फ्रान्सचा वायव्येकडील, अटलांटिक महासागरात घुसलेला द्वीपकल्प. तेथील पश्चिम भागाची मूळ भाषा फ्रेंच नव्हे. ती वेल्श भाषेची बहीण. पूर्व भागात गालो नावाची, फ्रेंचच्या कुळातील बोली चालते. एका प्रांतात दोन भाषा, आणि राजधानीची भाषा या दोहोंहून वेगळी. आमच्यासारख्या सीमेवरच्या माणसास हे चित्र समजावून सांगावे लागत नाही.

तेथे नाच एकट्याने किंवा जोडीने करावयाचा नसे. सगळे गाव हातात हात, कोठे करंगळीत करंगळी गुंतवून साखळी करी आणि ती साखळी डावीकडे सरकत राही. नव्या घराची मातीची भुई चोपावयाची असली, की शेजाऱ्यांना बोलावून रात्रभर नाच घालीत. पायांनी भुई घट्ट होई आणि मजुरीच्या जागी मेजवानी होई. आमच्याकडे खळे तयार करताना बैल फिरवीत, तेथे माणसे फिरत, एवढाच फरक. या नाचांना पश्चिम भागात बोंबार्द आणि बिन्यू या वाद्यांची जोडी असे. बोंबार्द हे आपल्या सनईच्या जातीचे, दुहेरी पातीचे, मोठ्या आवाजाचे वाद्य. बिन्यू म्हणजे कातडी पिशवीचे सुरवाद्य. पहिला एक ओळ वाजवून दम घेई तेव्हा दुसरा तीच ओळ उचलून धरी. वाद्ये नसली तर दोन गायक असत, आणि पहिल्याच्या ओळीची शेवटची अक्षरे दुसरा त्याच्याबरोबर म्हणून पुढे सगळी ओळ फिरवी. आमच्याकडे झील धरणारा हेच करतो. पूर्व भागात मात्र लग्नाची वरात आणि लग्नाचा नाच अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत व्हायोलिनवाल्याच्या हाती होता. ते व्हायोलिन मैफलीतले नव्हे. त्याला ऐकावयाचे कान नको होते, उचलावयाचे पाय हवे होते.

मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲकॉर्डियन आला. १८२९ साली व्हिएन्नात देमियान नावाच्या कारागिराने त्याचे पेटंट घेतले होते. दोन पिढ्यांत तो ब्रिटनीच्या खेड्यात पोचला. आवाज मोठा, सूर मिळविण्याची कटकट नाही, शिकावयास सोपा, आणि त्याच्याबरोबर शहरातले जोडीचे नाच आले. पाद्रीमंडळींनी त्याला सैतानाची पेटी असे नाव दिले. पाद्र्यांचा राग नव्या जोडनाचावर होता. पण गंमत अशी की ज्या जुन्या साखळीच्या नाचांवर काही भागांत त्यांच्याच पूर्वसूरींनी बंदी घातली होती, ते नाच आता त्यांना निरुपद्रवी वाटू लागले. धर्मोपदेशकांची अशी गत सर्व देशांत होते. व्हायोलिनवाला मात्र या दोहोंच्या मधे हरवला. त्याला कोणी शाप दिला नाही, बंदी केली नाही. त्याला लग्नाचे बोलावणे येईनासे झाले, इतकेच.

आता संग्रहाची गोष्ट. व्हिल्मार्के याने १८३९ साली ‘बार्झाझ ब्रेझ’ हा ब्रेटन गीतांचा ग्रंथ काढला आणि त्यात चालीही छापल्या. पुढे त्याच्या गीतांच्या अस्सलपणावर मोठा वाद माजला. त्याच्यानंतरचा ल्युझेल हा अधिक काटेकोर. त्याचे खंड १८६८ आणि १८७४ साली निघाले. शब्द जसेच्या तसे टिपावे हा त्याचा बाणा. पण चाली त्याने दिल्या नाहीत. त्याला गीते सांगणाऱ्यांत मारहारित फ्युलुप नावाची एक अपंग, निरक्षर, भिक्षेवर जगणारी बाई होती. दुसऱ्यांचे नवस फेडण्यासाठी त्यांच्या वतीने ती पायी यात्रा करी आणि वाटेत गीते गोळा करी. तिचे शब्द ल्युझेलच्या वहीत राहिले. तिचा आवाज हवेत गेला. सुदैव असे की बाई दीर्घायुषी निघाली. १९०० साली फ्रांस्वा व्हाले याने मेणाच्या नळकांड्यांवर तिचे गाणे मुद्रित केले. त्यानंतर १९१३ साली मोरिस द्युआमेल याने ल्युझेलच्या गीतांच्या चाली खेडोपाडी शोधून स्वतंत्र ग्रंथात छापल्या. शब्द आधी आणि चाल चाळीस वर्षांनी, असा हा उफराटा क्रम. म्हाताऱ्या माणसांनी वाट पाहिली म्हणून तो जमला.

व्हायोलिनच्या वाट्याला एवढेही आले नाही. सनईवाले दिसावयास ऐटबाज, म्हणून प्रांताचे प्रतीक ठरले. ॲकॉर्डियनच्या काळात व्हायोलिन जुने आणि गरीब वाटू लागले. लोएझ रोपार्स याने १९५० नंतरच्या दशकात रात्रीच्या नाचमेळ्यांचे पुनरुज्जीवन केले, १९७२ साली ‘दास्तुम’ ही ध्वनिसंग्रह करणारी संस्था निघाली (या ब्रेटन शब्दाचा अर्थच ‘गोळा करणे’), आणि तेव्हा कोठे तरुण मंडळी ध्वनिमुद्रणयंत्रे घेऊन उरल्यासुरल्या म्हाताऱ्या वादकांच्या घरी गेली. त्या मेळ्यांना २०१२ साली युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळाले. आज व्हायोलिनवर ज्या चाली वाजतात, त्यांतील बऱ्याचशा गायकांच्या व सनईवाल्यांच्या तोंडून पुन्हा तारेवर आणलेल्या आहेत. आमच्या विद्यार्थ्याच्या फोनमधील चाल त्यांतलीच होती.

आता किंगरीकडे वळू. हे वाद्य परधानांचे. गोंडांच्या कुळकथा आणि देवकथा गाण्याचा अधिकार परधानांचा. त्यांची एक कथा सर्वत्र सांगितली जाते. सात भाऊ होते, बडादेव रुसला, सहा भावांनी पूजा केली तरी प्रसन्न होईना. तेव्हा धाकट्याने साजाच्या झाडाखाली बसून वाद्य छेडले आणि देव खाली उतरला. थोरले सहा ते गोंड, धाकटा तो परधान. मंडल्याकडे या वाद्यास ‘बाना’ म्हणतात, यवतमाळ-आदिलाबादकडे ‘किंगरी’. लाकडाचे पोकळ अंग, वर कातडे, तीन तारा आणि घोड्याच्या केसांचा गज. नाथपंथी जोगी जी किंगरी घेऊन गोपीचंदाची गाणी म्हणत खेड्यांतून फिरत, तिच्याशी हिचे नाव एक आहे; काम मात्र निराळे. जोगी कोणाच्याही दारी जाई. परधानाची घरे ठरलेली असत. शामराव हिवाळे यांनी १९४६ साली नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर ग्रंथ लिहिला, त्यात या फेरीचे फार जिव्हाळ्याने वर्णन आहे. हिवाळे हे मराठी गृहस्थ, व्हेरिअर एल्विन यांचे आजन्म सहकारी. आमच्या वाङ्मयमंडळांना त्यांची आठवण क्वचितच होते, हे जाता जाता नमूद करून ठेवतो. ठरावीक वर्षांनी परधान आपल्या गोंड यजमानाकडे जाई, त्याच्या पूर्वजांची नावे व पराक्रम गाई आणि दान घेऊन परते. यजमानाला आपला इतिहास परधानाच्या तोंडून कळे. किंगरी ही त्या इतिहासाची वहीच होती.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर तुलना फसवी होईल. ब्रिटनीचे व्हायोलिन पायांसाठी होते. किंगरी देवाच्या आणि पितरांच्या कानांसाठी. आदिलाबादकडे परधान नाचालाही वाजवितात, पण त्या वेळी त्यांच्या हाती पेपरे, म्हणजे सनईच्या जातीचे वाद्य, आणि ढोल असतात. म्हणजे बोंबार्दचे काम तेथे पेपरे करते, आणि तारवाद्य कथेजवळ राहते. तरीही कथा रंगात आली की गजाचा फेर आखूड आणि जोरकस होतो, तीच तीन-चार सुरांची आकृती फिरत राहते, व ऐकणाऱ्याची मान त्या फेऱ्यात सापडते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हांस जे साम्य जाणवले ते हे.

हाय्मेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांचा अभ्यास १९४० च्या दशकात केला. त्यांनी नोंदविलेली एक गोष्ट मराठीच्या अभ्यासकांनी विसरू नये. तेथील परधानांच्या घरची भाषा मराठी. गोंडांची महाकथा मात्र ते गोंडीत गातात. ज्यांची ती भाषा नव्हे त्यांनी ती कथा पिढ्यानुपिढ्या जपली! मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या मराठी भाषकांना एक ओळही मिळालेली नाही, कारण त्यांनी जपलेले वाङ्मय मराठी नव्हते.

आमच्या भागाचे आणखी एक दुर्दैव आहे. येथून उत्तरेस देवगडचा किल्ला. तेथल्या गोंड राजांपैकी बख्त बुलंदाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले. पुढे भोसले आले, मग इंग्रज, मग नागपूर राजधानी असलेला मध्यप्रांत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला. छिंदवाडा जिल्ह्यातले पांढुर्णा आणि सौंसर हे मराठी तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली या दोहोंचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. १९५६ नंतर लोकसाहित्याचे जे मोठे काम महाराष्ट्रात झाले, त्याचे क्षेत्र महाराष्ट्र. भोपाळची नजर गोंड कलेकडे वळली ती मंडल्याच्या दिशेने. पाटणगढच्या जनगढसिंह श्याम या परधान तरुणाची चित्रे १९८२ नंतर भारत भवनामुळे जगभर गेली. बाना वाजविणाऱ्यांचे वंशज कुंचला धरू लागले आणि त्यात त्यांनी नाव काढले, याचा आनंदच आहे. परंतु आमचे परधान या दोन्ही वाटांच्या मधे राहिले. वर्धेपलीकडच्यांना ते परराज्यातले, भोपाळला ते सीमेवरचे.

आणि तरीही किंगरी मागे पडली ती केवळ राज्यरचनेमुळे, असे म्हणणे खरे होणार नाही. दारोदारी वाद्य घेऊन जाणे हे भिक्षेचे लक्षण आहे असे शिकलेल्या पिढीला वाटू लागले. वाटावे असेच होते. दान घेणाऱ्याला गावात कोठे बसवीत आणि कोणत्या भांड्यात पाणी देत हे ज्यांनी पाहिले आहे, ते त्या मुलांना नावे ठेवणार नाहीत. मुलाने शिक्षक व्हावे, तलाठी व्हावे, आणि किंगरी आढ्याला टांगलेली राहावी, ही निवड त्याने डोळसपणे केली. चाल वाचविण्यासाठी कोणी अपमान सोसावा असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. ब्रिटनीतही आईबाप मुलांना बोलीऐवजी फ्रेंच शिकवीत होते, ते मुलांच्या भल्यासाठीच.

राहिली पेटी. पॅरिसमध्ये १८४२ साली दबँ यांनी हार्मोनियमचे पेटंट घेतले. ॲकॉर्डियन आणि हार्मोनियम ही सख्खी भावंडे. भात्याच्या वाऱ्याने धातूची पाती थरथरते हे दोहोंचे तत्त्व. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या सोयीची केली आणि ती देवळात, भजनात, तमाशात, शाळेत सर्वत्र शिरली. सारंगीला एक तर कलावंतिणीच्या माडीचा डाग, दुसरे म्हणजे ती शिकावयास दहा वर्षे. बालगंधर्वांच्या मागे कादरबक्षांची सारंगी होती हे खरे, पण तशी माणसे किती? आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत चालली. मुख्य आक्षेप असा की तिचे सूर ठोकून बसविलेले, दोन पट्ट्यांच्या मधला सूर तिला देता येत नाही. त्याच आकाशवाणीची प्रभातीची ओळखधून वॉल्टर कौफमान यांच्या नावावर आहे आणि तीत व्हायोलिन वाजते. या कौफमान यांनी १९४१ साली गोंड व बैगा गीतांच्या चाली स्वरलिपीत प्रसिद्ध केल्या. बंदीने पेटी गेली नाही. जाण्याचे कारणही नव्हते; आमच्या शाळेची प्रार्थना तिच्याविना झाली नसती.

पण मधल्या सुराची गोष्ट आम्हांस एका प्रसंगामुळे सलते. वीस-एक वर्षांपूर्वी आम्ही साहाय्यक शिक्षक होतो. स्नेहसंमेलनात एका वृद्ध परधानास किंगरी वाजवावयास बोलावले होते. ती कल्पना आमचीच, आणि तिचा आम्हांस अभिमानही वाटत होता. पेटीवर संगीताचे शिक्षक होते. सुरुवातीस दोन्ही वाद्यांचा मेळ बसेना. प्रेक्षकांत हशा होईल या भीतीने आम्ही पुढे होऊन म्हणालो, “बाबा, जरा पेटीला मिळवून घ्या.” म्हातारा शांतपणे म्हणाला, “पेटीलेच मिळवून घ्या ना जी. हे किंगरी माह्या बापाच्या सुरात हाय.” सभागृह हसले. आम्हीही हसलो. म्हाताऱ्याने खुंट्या पिळून तारा पांढरी दोनला आणल्या आणि गंधाराच्या जागी बोट किंचित वर सरकवून, पेटी सांगेल तसे वाजविले. टाळ्या चांगल्या पडल्या. परत जाताना त्याने प्रवासखर्चाचे पैसे मोजून घेतले आणि नमस्कार केला. पुढच्या वर्षी बोलावणे धाडले तेव्हा तो वारला होता.

ब्रिटनीतील जुन्या गायकांच्या गंधाराविषयी आम्ही अलीकडे जे वाचले त्यावरून कळले की तोही कोमल आणि शुद्ध यांच्या मधे बसतो. ॲकॉर्डियनच्या पट्ट्यांवर तो नव्हता, म्हणून पन्नास-साठ वर्षे तो बेसूर समजला गेला. एरिक मार्शां या गायकाने २००३ च्या सुमारास तेथे तरुण वादकांसाठी एक अभ्यासवर्ग काढला, त्याचा विषयच मुळी हा होता: पट्टीवर नसलेले सूर कसे ओळखावे आणि कसे पुन्हा वाजवावे. म्हणजे जे आम्ही त्या म्हाताऱ्याकडून दोन मिनिटांत दुरुस्त करून घेतले, ते शिकण्यासाठी तेथे पदवीधर मुले वर्षभर बसतात.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही त्या म्हाताऱ्याच्या घरी गेलो. नातू मालमोटारीवर चालक आहे. किंगरी आढ्याला होती. कातडे शाबूत, दोन तारा तुटलेल्या, गजाचे केस उंदरांनी खाल्लेले. आजोबाची कथा त्याला येत नाही; पण बालपणी ऐकलेला फेर, म्हणजे कथेच्या मधे वाजणारी ती चार सुरांची आकृती, तो तोंडाने गुणगुणू शकतो. घोडा आता गावात कोणाकडे नाही. सौंसरला वरातीसाठी घोडी ठेवणारा एकजण आहे; त्याच्याकडून नातवाने शेपटीचे केस आणले आणि स्वतःच गज बांधला. राळ आम्ही नागपुराहून मागविली. माघ महिन्यात त्याने आमच्या घरी बसून तो फेर वाजविला. हात कच्चा, तार कर्कश, पण गंधाराशी येताच त्याचे बोट आपोआप पट्टीच्या खाली थांबले. आठवीतला एक मुलगा पेटी घेऊन शेजारी बसला होता, तो दोन्ही पट्ट्या आळीपाळीने दाबून म्हणाला, “सर, हा यांत नाही.” भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, या सुराला खूण नाही. आम्ही वहीत ‘ग’ लिहून त्याखाली अर्धीच रेघ ओढली आणि नातवाला तो फेर पुन्हा एकदा वाजवावयास सांगितले.